उडालेले बल्ब येथे स्वीकारले जातील

इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात, उडालेले बल्ब आणि किस्से. किश्शांचं एक बरं असतं, ते खोली अडवत नाहीत! बल्बांनी माझी एक अख्खी खोली अडवली, आणि त्यापायी घरात तोंड वर करून बोलायची माझी सोय राहिली नाही.

दुकान आमचं केनवडला, बाजाराच्या रस्त्यावर. पुढे दुकान, मध्ये आम्ही नवरा-बायको, मागे एक खोली. ती खोली मी माझ्या बायकोला, मंदाला, शिवणक्लाससाठी कबूल केली होती. एकदा नाही, तीन दिवाळ्या कबूल करतोय! तिची मशीन स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी. एका हातानं कापड सरकवायचं, दुसऱ्या हातानं भाकर उलटायची. एका बाईच्या नव्या ब्लाउजला फोडणीचा वास लागला, ती बाई पुन्हा फिरकली नाही. तेव्हापासून मंदाचं एकच म्हणणं, "मले सोनं नको, नानं नको. थे खोली तेवढी रिकामी करून द्या."

हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर हे सगळं झालं.

*

वाशीमला आम्हा दुकानदारांची एक मीटिंग होती. खरं सांगतो, मी जेवणासाठी गेलो होतो. पण जेवणाआधी भाषण होतं आणि दारं लावून घेतली होती! साहेब म्हणाले, ट्यूबलाइटमध्ये आणि सीएफएलमध्ये पारा असतो. नळी फुटली की तो हवेत जातो, मातीत जातो, पाण्यात जातो. उकिरड्यावर टाकू नका, जमा करून ठेवा.

दुकान टाकल्यापासून मी जुन्या नळ्या मागच्या नाल्यात फेकत आलो होतो. नुसत्या फेकत नव्हतो, फट् आवाज येतो म्हणून हौसेनं फेकत होतो! त्या दिवशी वरण-बट्टी समोर आली तरी घास उतरेना. (तिसऱ्या बट्टीनंतर उतरेना, पण उतरेना.)

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लावली, 'उडालेले बल्ब येथे स्वीकारले जातील.' मंदानं ती दोनदा वाचली.

"अन् ठेवसान कुठं?"

"मांगच्या खोलीत. आठच दिवस. मंग गाडी येते अन् घेऊन जाते."

"कोनाची गाडी?"

आता आली का पंचाईत! गाडीचं मला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी आपली मनानंच आणली होती. म्हटलं, "येते ना! सरकारी राह्यते थे."

त्या गाडीची मी अजून वाट पाहून राह्यलो आहे.

*

पहिलं गिऱ्हाईक देवकाबाई, आमच्याच गल्लीतली म्हातारी. पदराखालून एक सीएफएल काढला, काउंटरवर ठेवला आणि हात पुढे केला.

"दे."

"काय देऊ?"

"नवा दे. बदल्यात!"

मी तिला पारा, हवा, माती, पाणी सगळं समजावून सांगितलं. मीटिंगच्या साहेबांपेक्षा चांगलं सांगितलं असं मला वाटलं. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लेका, जुन्या साडीवर गंज-पातेलं भेटते. डोक्याच्या केसावर फुगे भेटते. अन् तुह्याइथं आख्ख्या बल्बावर नुसतं भाषन भेटते?"

तिनं बरणीत हात घालून दोन चॉकलेटं उचलली आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की प्रल्हादच्या दुकानात बल्बावर चॉकलेट मिळतं! बायका पदराच्या ओट्यात बल्ब घेऊन आल्या. एकीचा बल्ब मी सवयीनं होल्डरला लावून पाहिला, तर लख्ख पेटला.

"बाई, हा तं लागते!"

"हाव. पन उडेल एकच होता, अन् घरी खानारे दोन हायेत ना!"

चॉकलेटं बंद केली. बल्ब मात्र बंद होईनात. सगळं गाव एलईडी लावत होतं आणि घरोघरच्या माळ्यावरून जुन्या नळ्या खाली उतरून माझ्या मागच्या खोलीत येत होत्या.

*

माझा दोस्त किसन. वांगी, टमाटे, मेथी लावतो, सकाळी बाजारात माल घालतो आणि दुपारी माझ्या बाकड्यावर बसून मला अक्कल शिकवतो.

"जुने पिवळे बल्ब मले दे बे. वावरात टांगतो. चमकले का पाखरू फिरकत नाही."

पिवळ्या बल्बात पारा नसतो, म्हणून मी खुशीनं दिले. तेवढीच खोली मोकळी! किसननं टमाट्यावर तार ताणली आणि ओळीनं बल्ब टांगले. चार दिवसांनी तोंड पाडून आला.

"काय झालं?"

"आधी पाखरं उभ्यानं खात होते. आता तारीवर बसून खाऊन राह्यले."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी वावरभर बल्ब पाहिले आणि विजेच्या तारेवर आकडा टाकला म्हणून वीज कंपनीत कळवलं. लाइनमन आला.

"कनेक्शन कुठून ओढलं?"

"साहेब, हे उडेल बल्ब हायेत!"

"मंग लावले कायले?"

यावर किसननं एका दमात माझं नाव सांगितलं. लाइनमन माझ्या दुकानात येऊन म्हणतो, "भाऊ, तुमाले तं आमी समजदार समजत होतो!"

संध्याकाळी किसननं सगळे बल्ब टमाट्याच्या क्रेटमध्ये भरून परत आणले. वर मलाच म्हणतो, "या बल्बायपेक्षा तूच वावरात उभा राह्य. तुले पाहून पाखरं तं पाखरं, डुकरं भेतीन."

*

मग बबन भंगारवाल्याला बोलावलं. बबन काहीही घेतो. मोडका कूलर घेतो, गंजलेला पत्रा घेतो, कोणाचं लक्ष नसलं तर धडका पत्राही घेतो. मी म्हटलं, "बबन, या नळ्या ने. फुकट."

फुकट म्हटल्यावर त्याला संशय आला. "फुकट काहून?"

माझं तोंड काही बंद राहत नाही. पारा, हवा, माती, पाणी. बबननं हातातली नळी हळूच खाली ठेवली, तान्हं लेकरू ठेवावं तशी.

"म्हंजे तुमच्या घरी नको, म्हनून माह्या घरी? माह्या घरी कोन राह्यते भाऊ, मानसंच राह्यते ना!"

खरं सांगतो, लाज वाटली. चांगलीच लाज वाटली. बबनला चहा पाजला आणि सगळ्या नळ्या पुन्हा मागच्या खोलीत नेल्या. मंदा दारात उभी होती. नुसती बाजूला सरकली. ती बोलत नाही तेव्हाच मला जास्त भेव वाटतं.

*

शेवटी एक खोकं स्कूटरवर बांधलं आणि वाशीमला एका ऑफिसात गेलो. खड्डा आला की खाली उतरून स्कूटर हातानं ढकलत नेली, नळ्या फुटू नयेत म्हणून. पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं वरच्या मजल्यावर. वर एक साहेब भेटले. फार भला माणूस. सगळं ऐकलं, उठून हात मिळवला.

"तुमच्यासारखी माणसं पाहिजेत हो! काढा रे यांचा फोटो."

फोटो निघाला. मी, साहेब आणि मध्ये खोकं. मी विचारलं, "साहेब, मंग हे खोकं कुठं ठेवू?"

"आपल्याकडे सध्या सोय नाही. पण तुम्ही गोळा करताच आहात ना?" साहेबांनी शिपायाला हाक मारली. "अरे, आपल्या जिन्याखालच्या जुन्या नळ्या यांच्या गाडीला बांधून दे!"

नाही म्हणायचं होतं हो मला. पण नुकताच फोटो निघाला होता!

घरी आलो तर मंदा दारातच. गळ्यात मापाची टेप.

"एक खोकं घेऊन गेलते ना तुमी?"

"हाव."

"मंग हे दोन कायचे?"

मी तिला मोबाइलवरचा फोटो दाखवला. तिनं तो पाहिला आणि रात्री मला भाकरीसोबत नुसती चटणी मिळाली.

*

त्यानंतर मंदानं फर्मान काढलं. अनसिंगला तिच्या मामेभावाचं लग्न होतं. लग्नाहून आलो की सोमवारी क्लास सुरू. चार पोरींनी नावं दिली आहेत.

"पोरीच्या पायात काच घुसली तं मी कोनाले तोंड दाखवू? सोमवारी खोलीत एक तं थे राह्यतीन, नाहीतं मी राह्यीन."

आणि असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. तीन दिवाळ्यांत पहिल्यांदा माझ्या टाळक्यात उजेड पडला. किसनच्या गोठ्यातला एक कोपरा मागून घेतला, लग्नाहून आलो की सगळं तिकडे हलवायचं. प्रत्येक नळी कागदात गुंडाळली, कंपनीच्या कोऱ्या खोक्यांत रचली, वरून चिकटपट्टी मारली. मला तर इतकं सुबक वाटलं की पाहणाऱ्याला नवा मालच वाटावा!

आणि पाहणाऱ्याला तसंच वाटलं.

अनसिंगहून संध्याकाळी परत आलो तर मागच्या दाराचं कुलूप तुटलेलं आणि खोली रिकामी! दुकानातलं काही गेलं नव्हतं. गेली ती फक्त खोकी.

"मंदा! चोरी झाली वं!" मी ओरडलो.

मंदानं आत डोकावलं, आणि लग्नातली नवी साडी अंगावर असताना तिथल्या तिथं पदर खोचून झाडू घेतला. अर्ध्या तासात मशीन आत, उदबत्ती लागली, नारळ फुटला. चोराच्या नावानं तिनं खोबऱ्याचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला!

किसन म्हणाला, "रपट लिहून दे ठाण्यात."

"काय लिहू? कोनी माहा कचरा नेला, परत आनून द्या?"

*

सोमवारी क्लास सुरू झाला. मशीनचा आवाज दुकानापर्यंत यायचा. मंदा आतून गुणगुणायची, आणि मला दोन वेळा वांग्याची भाजी मिळू लागली. मंदानं दुकानासमोर स्वतःची पाटी लावली, 'शिवणक्लास. ब्लाउज शिवून मिळतील.'

मी सुखात असायला पाहिजे होतो. पण झोप लागेना. त्या बिचाऱ्या चोराला माहीत नसणार की नळ्या उडालेल्या आहेत. कळल्यावर रागानं फोडल्या तर? त्याच्या घरी लेकरं असतील, विहीर असेल. मी नाल्यात फेकलेल्या सगळ्या नळ्या मला पुन्हा फट् फट् ऐकू येऊ लागल्या.

मंदा म्हणाली, "काही करू नका. तुमाले माही आन हाय, काही करू नका!"

पण ऐकेल तो प्रल्हाद कसला? मंदाच्या पाटीशेजारी मी माझी पाटी लावली. 'खोकी नेणाऱ्यास विनंती. नळ्या फोडू नयेत. आत पारा आहे. लेकराबाळांना त्रास होईल. राग नाही. प्रल्हाद.'

गावानं चार दिवस माझी पाटी वाचली आणि पोट धरधरून हसून घेतलं.

पाचव्या दिवशी सकाळी शटर उघडलं. पायरीवर माझी सगळी खोकी, होती तशी, एकावर एक. चिकटपट्टीसुद्धा नवी मारलेली! सगळ्यात वर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन नळ्या, एक कापडी पिशवी आणि वहीच्या पानावर चिठ्ठी.

मी मंदाला हाक मारली. ती गळ्यात टेप घेऊन बाहेर आली. खोकी पाहिली. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी चिठ्ठी तिच्याच हातात दिली. तिनं मोठ्यानं वाचली.

"भाऊ, तुमची पाटी वाचली. एकही नळी फोडली नाही. सगळ्या लावून पाहिल्या, एकही लागत नाही. आमच्या घरच्या दोन उडेल होत्या, त्याही ठेवल्या हायेत. वहिनीले सांगजा, पिशवीत ब्लाउजचं कापड हाय, मापाले जुना ब्लाउज हाय. सोमवारी घेऊन जाऊ."

मंदानं पिशवीतून कापड काढलं, बोटांत चोळून पोत पाहिला, टेपनं पन्हा मोजला.

"खोके तुमच्या गल्ल्यापाशी ठेवा. माह्या खोलीत एक बी येनार नाही," ती म्हणाली आणि आत जायला वळली. उंबऱ्यात थांबून तिनं चिठ्ठी उलटीसुलटी करून पुन्हा पाहिली.

"अहो, अस्तर लावाचं का नाही, हे तं लिहिलंच नाही!"