गाडीबाईंच्या टाचा

गाडीबाईंना खऱ्या नावाने हाक मारली तर त्या वळूनही बघायच्या नाहीत. उपनगरातल्या एका छोट्या स्टेशनवर घोषणा देण्यात त्यांची उभी हयात गेली. घरी जेवायला बोलवायच्या तेही त्याच सुरात, दोनदा. गल्लीतल्या पोरांनी नाव ठेवलं नसतं तरच नवल.

मग नवा मार्ग टेकडीपलीकडून गेला आणि स्टेशन बंद पडलं. फलाटावर गवत माजलं, तिकीटखिडकीत पारव्यांनी बिऱ्हाड थाटलं. पुढे कुणाला तरी सुबुद्धी झाली आणि तिथे वाचनालय आलं. स्टेशनची म्हणून उरली ती एकच गोष्ट, शेवटच्या गाडीच्या वेळी गाडीबाई काय बोलल्या ती. "ही शेवटची गाडी. मागे कुणी राहिलं असेल तर धावत या." गार्डसुद्धा रडला म्हणे! गाडीबाई चारचौघांत रंगवून सांगायच्या: टाचा उंचावून कशीबशी माइकपर्यंत पोचले. नवरा नाही, मूलबाळ नाही. एवढी एक गोष्ट तेवढी त्यांची होती.

आज वाचनालयात त्यांचा सत्कार होता. सकाळी त्यांचे केस विंचरता विंचरता धाकटी बहीण म्हणाली, "ताई, रागावू नकोस. त्या दिवशी तू तापाने फणफणली होतीस. तुझ्या जागी मी गेले होते."

"काहीतरीच! मला लख्ख आठवतंय सगळं."

"आठवणारच. तुझ्या उशाशी बसून मीच सांगितलं ना! आपला आवाज एक, लोकांना वाटलं तूच. तूही तेच सांगायला लागलीस. मग मी कशाला बोलू?"

"मग आजच कंठ फुटला?"

"आता ते वाक्य तुझ्या नावाने वाचनालयाच्या पाटीवर कोरलंय गं. ते बघून राहवेना."

मत्सर मेला, दुसरं काय! गाडीबाई वाटेत धाकटीच्या दोन पावलं पुढेच चालत राहिल्या. पण डोक्यात नुसता गुंता. ताप आला होता खरा. तो त्याच दिवशी, की आधी कधी?

लोक बाहेर फलाटावर बसले होते. घोषणेच्या खोलीत जुना माइक जुन्याच दांड्यावर होता. चिटणीस म्हणाले, "बाई, तेच वाक्य पुन्हा होऊन जाऊ दे," आणि बाहेर जाऊन बसले.

गाडीबाई उभ्या राहिल्या. माइक बरोबर तोंडाशी आला. येणारच, तो दांडा त्यांनीच आपल्या उंचीला बसवून घेतला होता. टाचा जमिनीवरच होत्या.

मग उंचावल्या होत्या त्या कुणाच्या?

त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या धाकटीकडे पाहिलं. ती त्यांच्या खांद्याला लागायची. राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांना एकदम लाज वाटली, रडूही आलं. आपण हिचं चोरलं, की हिने आपल्याला दिलं, काही कळेना.

"धाकटे, ये इकडे. तू बोल."

धाकटीने टाचा उंचावल्या. बाहेरच्या भोंग्यातून ते वाक्य घुमलं. फलाटावर टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा, गाडीबाई!" कुणीतरी ओरडलं.

आवाज तर आपलाच होता. गाडीबाईंनी हळूच ओठांना बोट लावून पाहिलं. ओठ मिटलेले होते.