पिठातली बोटं

माझ्या बायकोबरोबर, गयाबरोबर, शेवटचं काम केलं ते पीठ चाळायचं. कैलासनगरातली आमची खोली, सकाळचे दहा. ती चाळणी हलवत होती, मी परात धरली होती. चार दिवसांनी ती दवाखान्यात गेली, अन् परत आलीच नाय.

आधीच सांगतो – भूत, भगत, अंगात येणं, मी काय बी मानत नाय. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जन्मभर पोती उचलली. चौथी शिकलोय, चुका सांभाळून घ्या. हे लिहितानाबी माझीच मला चीड येती.

गयाचं पोट दोन वर्षं बिघडलेलं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, नुसती हाडं उरली. आमच्याकडं आजाऱ्याला ज्वारीची भाकरी देत नायत, ती गरिबाची म्हणत्यात. म्हणून मी चांगला गहू आणायचो. मी भाकरी खायचो, तिला पोळी.

त्या दिवशी चाळता चाळता ती थांबली. परातीतल्या पिठात बोटानं काढाय लागली... एकाला एक लागून उभी बोटं. मग खराट्याची काडी घेतली. प्रत्येक बोटावर विटांसारख्या चौकटी, अन् प्रत्येक चौकटीवर बारीक बारीक केस.

"काय गं हे?"

"माझ्या पोटातलं हाय."

"तू आत जाऊन बघून आलीस व्हय?"

"दिसतंय मला." मग तिनं तळहातानं सगळं पुसलं. "आता असं सपाट झालंय. अन्न धरायला जागाच नाय. आवं, मला पोळी नको. भाकरी द्या."

"गप बस. लोक म्हणतील, हमालानं बायकोला मरताना बी भाकरीवर ठेवली."

माझं मन राखायला तिनं अर्धी पोळी खाल्ली.

दवाखान्यात तोंडातनं नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. रिपोर्ट यायच्या आत ती गेली. तेरावा झाल्यावर मी कागद आणायला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मला मायक्रोस्कोपात बघायला लावलं. आधी चांगलं आतडं – उभी बोटं, एकाला एक लागून. मग गयाचं. सपाट...

मी म्हणलो, "ह्या बोटांवर विटा असत्यात ना? अन् विटांवर केस?"

बाई म्हणाली, "त्या विटा म्हणजे पेशी, बाबा. पण केस तुम्हाला कुणी सांगितले? इथं त्यांची नुसती रेघ दिसते. सुटे सुटे बघायला फार मोठं मशीन लागतं." तिनं पुस्तकातला फोटो दाखवला. परातीतलंच चित्र!

मग ती हळूच म्हणाली, "गव्हानं झालं, बाबा. भाकरी चालली असती."



आता जो तो शहाणपणा शिकवतोय. शेजारी म्हणतो, टीव्हीवर बघितलं असंल. अरे, आमचा टीव्ही बंद पडून किती वर्षं झाली! दुसरा म्हणतो, देवीनं दाखवलं. मग देवीनं मला का नाय दाखवलं, गहू तर मी आणत होतो? गयाचाबी राग येतो. जन्मभर माझ्यापुढं हळू बोलली. त्या दिवशी तरी परात माझ्या डोक्यात घालायची! तिला अक्षर येत नव्हतं. कुठनं दिसलं तिला? मला नाय माहीत. डॉक्टरीणबाईलाबी नाय.

निघताना बाईनं विचारलं होतं, "हे रक्तातनं पुढं जातं. मुलंबाळं किती?"

एकच लेक, पाचोडला दिलेली. लहानपणापासनं किडकिडीत, पोटाची तक्रार कायमची. दोन्ही बाळंतपणांत मीच तिला गव्हाची खीर खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या यष्टीनं पाचोडला गेलो. लेक दारात सडा टाकत होती.

"दादा? असं अचानक?"

"साडी बदल. शहरात जायचंय, दवाखान्यात."

"मला काय झालंय? अन् आज बाजार हाय, उद्या आले तर..."

"आज."

"चहा तरी घ्या आत येऊन."

आत गेलो नाय. ती साडी बदलून येईस्तोवर उंबऱ्यावरच बसून राहिलो.