दुपारी उघडं राहिलेलं गेट

"दुपारी गेट कोणी उघडलं?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. तासाभरापूर्वी पाहणी समितीची जीप निघून गेली होती. विभागातल्या नगरपालिकांच्या बागांची स्पर्धा होती आणि आमची बाग अंतिम फेरीच्या तीन बागांत निवडली गेली होती. समिती चारला येणार होती. ती आली साडेबाराला.

"मला कल्पना नाही, साहेब," मी म्हणालो. "चौकशी करतो."

चौकशी करण्यासारखं काही नव्हतं. गेट उघडायला मीच सांगितलं होतं.

गावाचं नाव लिहीत नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं एक गाव समजा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तिथे उद्यान पर्यवेक्षक होतो. नाव मोठं, काम साधं: गावातली एक मोठी बाग, चार चौक, दोन शाळांच्या कुंपणांची मेंदी आणि अकरा माळी सांभाळायचे. साहेब लोक आले की हार-गुच्छही मीच पाहायचे.

बाग मात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. मधोमध कारंजं, रविवारी आणि सणाला सुरू होणारं. सिमेंटचा हत्ती, त्याच्या सोंडेवरून पोरं घसरायची. दोन पिढ्यांच्या चड्ड्या घासून सोंड आरशासारखी गुळगुळीत झालेली. खांबावर कर्णा होता, संध्याकाळी त्यावर रेडिओच्या बातम्या लागायच्या. पेन्शनर मंडळी बाकं धरून बसायची आणि बातम्या संपल्यावर दिल्लीचं राज्य आपसांत वाटून घ्यायची. आठ वाजता माळी पितळी घंटा वाजवायचा. पोरं "अजून एक वेळ" म्हणत हत्तीकडे पळायची. गावात टीव्ही मोजक्या घरांत होते. संध्याकाळी जायचं म्हणजे बागेतच.

मला पुण्याला दहा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि मी डोकं बदलून आलो. तिथे स्लाइड दाखवल्या होत्या. हिरवंगार लॉन, कातरलेल्या कडा, कुठे माणूस नाही. त्या काळी तेच नवं होतं, बाग म्हणजे बघायची वस्तू. लॉनला विश्रांती हवी, असं शिकवलं. भर उन्हात गवत तुडवलं की ते पिवळं पडतं, म्हणून दुपारी बाग बंद ठेवा. मी परत आल्यावर तसा प्रस्ताव टाइप करून दिला. बाग सकाळी अकरा ते चार बंद. 'गवतावर चालू नये' असे सहा बोर्ड रंगवून घेतले.

लॉनसाठी आम्ही हरळी लावली. हरळी म्हणजे दूर्वाच, पण शेतकऱ्याची वैरीण. एकदा रानात शिरली की मुळं खणून काढावी लागतात.

सुपडूनाना हे आमचे सगळ्यांत जुने माळी. पन्नाशीचे, काटक, डोक्याला कायम उपरणं, बोलणं अहिराणी. रोज खेड्यातून सायकलवर यायचे. हरळीचे तुकडे ओळीत टोचता टोचता ते म्हणाले, "भाऊसाहेब, मना बाप जलमभर हाई हरळी उपटता उपटता मरना. अन् मी पगार ली लावी राह्यनू. तो वरथून दखत व्हई ते काय म्हनत व्हई?"

"म्हणेल पोरगं सरकारी कामाला लागलं," मी म्हणालो.

"लागनं कोठे? आखो रोजंदारीवरच शे."

ते खरं होतं. नाना नऊ वर्षं रोजंदारीवर होते. रोजंदारी म्हणजे ज्या दिवशी हजेरी त्या दिवसाची मजुरी. रजा नाही, पेन्शन नाही, उद्या येऊ नका म्हटलं की संपलं. दर काही वर्षांनी जुन्या रोजंदारांची यादी कायम करण्यासाठी वर जायची. त्या वर्षी ती जाणार होती. यादीत पहिलं नाव सुपडूनानांचं होतं. शिफारस मी लिहायची आणि सही मुख्याधिकाऱ्यांची.

बाग दुपारी बंद झाली आणि आठच दिवसांत नाना माझ्यापुढे उभे राहिले.

बागेच्या मागच्या रस्त्याला जिनिंग फॅक्टरी होती. तिथे वीस-पंचवीस बाया कापसातली कवडी वेचायच्या, म्हणजे किडका, पिवळा कापूस हाताने बाजूला काढायच्या. दुपारच्या सुट्टीत त्या आमच्या बागेत येऊन कडुनिंबाखाली भाकरी खायच्या. घटकाभर पडायच्या. फॅक्टरीत पत्रे तापलेले, हवेत कापसाची धूळ. रस्त्यावर झाड नाही, रुंदीकरणात सगळी गेली होती. आता त्या बागेच्या भिंतीच्या हातभर सावलीत पाय आखडून बसत होत्या.

"त्यांना पालिकेच्या शेडमध्ये बसायला सांगा," मी म्हणालो.

"तठे बकऱ्या बांधेल शेतस."

"नाना, लॉन खराब होईल."

नाना म्हणाले, "भाऊसाहेब, हाई गवत शे. गवतवर मानूस बठस, नही ते ढोर चरस. दोन्ही बंद करं, मंग हाई गवत कसाले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः मागच्या रस्त्याला गेलो. मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. सायकलच्या सीटवर हात ठेववत नाही. भिंतीला टेकून बाया बसल्या होत्या. त्यांच्यातली थोराड, वेणूअक्का म्हणतात तिला, तिने मला ओळखलं.

"या साहेब, बसा. तुमचीच भिंत आहे."

बायांनी तोंडाला पदर लावले. मी हसलो नाही. अक्काने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा आणि वर मिरचीचा ठेचा पुढे केला. नको म्हणता आलं नाही. मी उभ्यानेच खाल्ला.

"बाग कोणासाठी बंद केली साहेब?"

"गवतासाठी."

"बरं आहे त्याचं," अक्का म्हणाली.

परत येऊन मी नानांना बाजूला घेतलं. "साडेबारा ते दीड मागचं गेट उघडा. फक्त बायांसाठी. निंबाखाली बसू देत."

नानांनी विचारलं, "साहेबनी चिठ्ठी?"

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या ऑफिसात निम्मं काम तोंडी चालायचं. पाणी कुठे सोडायचं, कोणाच्या लग्नाला कुंड्या द्यायच्या, कोणाला अर्धा दिवस सोडायचं, सगळं तोंडी. कागद निघायचा तो कोणाला तरी अडकवायचं असलं की. त्यामुळे चिठ्ठी मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, अशी आमची समजूत. शिवाय बंदीचा प्रस्ताव माझाच. महिन्याभरात त्याच्या उलट कागद काढायला मला लाज वाटत होती.

"चिठ्ठी कशाला?" मी म्हणालो. "कोणी विचारलं तर मी आहे ना."

नाना मान हलवून गेले.

तीन आठवडे सुरळीत गेले. गवताला काही झालं नाही. उलट बाया निघताना पानं, कागद गोळा करून टाकायच्या. मग त्या दिवशी समिती आली.

मी तेव्हा पुढच्या गेटावर गुलाबाच्या कुंड्या लावून घेत होतो. जीप मागच्या रस्त्याने आली, कारण पुढचा रस्ता त्या दिवशी खणला होता. समितीला मागचं गेट सताड उघडं दिसलं. आत वीस बाया पाय पसरून झोपलेल्या. मेंदीच्या कुंपणावर ओली लुगडी वाळत घातलेली. वेलीच्या मांडवाला झोळी बांधून त्यात एक तान्हं. आणि आमच्या 'गवतावर चालू नये' या बोर्डाला कोणीतरी जेवणाचं फडकं अडकवलेलं.

मी धावत मागच्या गेटाशी पोचलो तेव्हा समितीतले एक साहेब मुख्याधिकाऱ्यांना म्हणत होते, "तुमची धर्मशाळा चांगली आहे."

एवढंच. बाकीचे हसले. मुख्याधिकारी नवे होते, तरुण होते. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

मग ते टेबल आणि तो प्रश्न. मी सांगितलं, कल्पना नाही. मुख्याधिकाऱ्यांनी शिपायाला पाठवून नानांना बोलावलं. नाना पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून आत आले.

"किल्ली तुमच्याकडे असते?"

"हो साहेब."

"गेट कोणाच्या सांगण्यावरून उघडलं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पाण्याचा पाइप कुठल्या वाफ्यात सोडू, असं विचारताना पाहायचे तसं. मी टेबलावरचा काचेचा गोळा पाहत राहिलो. त्यात एक निळं फूल होतं.

"मीच उघाडं साहेब," नाना म्हणाले. "ऊन भलतं व्हतं."

"महाजन, तुम्हाला माहीत होतं?" मुख्याधिकाऱ्यांनी मला पुन्हा एकदा विचारलं. म्हणजे संधी दोनदा आली होती.

"नाही साहेब."

नानांना मेमो मिळाला. किल्ली काढून घेतली. यादीतलं पहिलं नाव खोडलं गेलं आणि बाकीची सहा नावं वर गेली. नानांना खताच्या डेपोवर पाठवलं. मागच्या गेटाला मोठं कुलूप लागलं.

इथपर्यंतची गोष्ट मी बायकोला कधीतरी सांगितली होती. ती म्हणाली, "घाबरलात. माणूस घाबरतो." त्या वाक्यावर मी बरीच वर्षं काढली. पुढचं तिलाही सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांनी पुन्हा यादी निघाली. ते मुख्याधिकारी बदलून गेले होते. नवे साहेब शांत होते, कोणाच्या जुन्या भानगडीत न पडणारे. मला म्हणाले, "महाजन, जुने रोजंदार तुम्हाला माहीत. नावं द्या." सुपडूनानांचं नाव लिहायचं तर मेमोचा खुलासा शिफारशीत जोडावा लागणार होता. खुलासा म्हणजे 'गेट माझ्या तोंडी आदेशाने उघडलं होतं.' एक ओळ. त्याच महिन्यात माझ्या बढतीचा कागदही वर होता.

तो कोरा फॉर्म मी चार दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. कोणी रागावलेलं नव्हतं, कोणी उत्तर मागत नव्हतं. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो. दुसऱ्या वेळी मला विचार करायला चार दिवस होते, आणि मी विचार करून नाव गाळलं.

मला बढती मिळाली. नाना पुढच्या पावसाळ्यानंतर कामावर आले नाहीत.

मधल्या काळात बागा बदलल्या. नव्वदच्या दशकात आम्हाला पुन्हा ट्रेनिंगला बोलावलं. या वेळच्या स्लाइडमध्ये माणसं होती. म्हातारे चालताहेत, बाया गवतावर बसल्यात, पोरं लोळताहेत. शिकवणारे म्हणाले, बाग लोकांनी वापरायला हवी, सावलीच्या जागा दुपारी खुल्या ठेवा, गवत तुडवल्याने मरत नाही, पाण्यावाचून मरतं. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी लिहिलं नाही. हे मला एका रोजंदार माळ्याने आधीच सांगितलं होतं.

परत आल्यावर मी दुपारची बंदी उठवायचा प्रस्ताव दिला. तो मंजूर झाला. तोवर जिनिंग फॅक्टरी बंद पडली होती.

नाना असोद्याला एका केळीवाल्याच्या मळ्यात आहेत असं कळलं. मी बस पकडून गेलो. केळीच्या बागेत पाण्याच्या दांडावर बसून ते बिडी ओढत होते. उठले, नमस्कार केला. मला आधी हवापाणी, पोरंबाळं यावर बोलावं लागलं. मग मी सांगितलं. गेटचं त्यांना ठाऊकच होतं. यादीचं सांगितलं.

त्यांनी बिडी विझवली. "तवय मी बोलनू नही," ते म्हणाले. "माले वाटनं, भाऊसाहेब राह्यनात ते पुढली यादीमा नाव टाकतीन. दोन्ही गयात ते काय फायदा?"

म्हणजे त्या टेबलासमोर त्यांनी हिशेबाने मला वाचवलं होतं. त्यांच्या त्या हिशेबात एकच जागा कच्ची होती, ती मी.

"मी आता लिहून देतो नाना."

"द्या," ते म्हणाले. "चहा लेतस का?"

मी लेखी निवेदन दिलं. गेट माझ्या तोंडी आदेशाने उघडलं, खोटं मी बोललो, यादीतून नाव मी गाळलं. ऑफिसने मला नोटीस काढली आणि माझी एक वेतनवाढ थांबवली. नानांबद्दल उत्तर आलं की संबंधित इसम सेवेत नसल्याने विचार करता येत नाही. वय उलटून गेलं होतं, सेवेत खंड पडला होता. ते पत्र मी स्वतः असोद्याला नेऊन दिलं. त्यांनी नातीकडून वाचून घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. तिला म्हणाले, "साहेबले पानी आन."

माझ्या हाताखाली आता चौतीस माळी आहेत. नवीन माणूस आला की मी त्याला खतं, औषधं, पाणी नंतर शिकवतो. आधी सांगतो, तोंडी हुकूम घ्यायचा नाही. कागद मागायचा. माझ्याकडूनसुद्धा.