नेखतान आणि काळी गाय

माझा सासरा नेखतान याला सगळं खोरं भला माणूस म्हणायचं, पण त्याच्याबरोबर एका छपराखाली राहायची वेळ त्यातल्या कुणावर आली नव्हती. ओटची लापशी जरा गार झाली की वाडगा सरकवून द्यायचा. खोकला आला की माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच तो आणलाय. आणि खोटं तर त्याला तिळमात्र चालायचं नाही. बाजारात मेंढीचं वय मी एखाद्या वर्षानं कमी सांगितलं, की मागून येऊन खरं वय सांगायचा आणि वर म्हणायचा, "सून नवी आहे, चुकलं तिचं." लग्नाला सहा वर्षं झाली तरी मी नवीच होते.

त्याचा तरी काय दोष म्हणा. त्याच्या घराण्याकडे संत कोर्वानची घंटा होती. वीतभर उंचीची, लोखंडाची, आवाज फुटक्या भांड्यासारखा. त्या घंटेपायी नदीकाठचा जमिनीचा तुकडा आम्हाला मिळाला होता आणि त्या बदल्यात काम एकच होतं. ज्याचं जनावर चोरीला जाई, तो नवे जोडे आणि दिवसभराची शिदोरी घेऊन आमच्या दारी येई. जोडे हातात घेतले की राखणदाराला त्याच दिवशी निघावं लागे. मागावर चालायचं, शंभर पावलांवर एकदा घंटा वाजवायची आणि माग जिथं संपेल त्या दाराशी तीनदा वाजवून चोराचं नाव मोठ्यानं सांगायचं. त्या नावावर वाद नसे. नाव निघालेल्यानं जनावर परत द्यायचं, नाहीतर वर्षभर मालकाची चाकरी करायची. आणि चोर म्हणजे नुसता दावं सोडणारा नव्हे. दुसऱ्याचं जनावर आहे हे ठाऊक असताना जो ते पुढे तिसऱ्याच्या हाती देई, तोही चोरच. नेखताननं एकदा सख्ख्या मेव्हण्याचं नाव सांगितलं होतं. सासूबाई त्यानंतर महिनाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर वर्षभर बोलले नसते.

ज्या उन्हाळ्यात आमचा राजा लढाई हरून डोंगरात शिरला, त्याच उन्हाळ्यात माझा नवरा फिन्लेही त्याच्यामागून गेला. खोऱ्याच्या तोंडाशी किल्ला आहे, तिथं इंग्रजांची शिबंदी बसली. राजाबरोबरचा माणूस दिसेल तिथं फासावर चढवायचा, चौकशी नाही की न्याय नाही, अशी दवंडी त्यांनी चर्चच्या दारात दिली. मग ते गाई न्यायला लागले. आमची एकुलती एक गाय कापणीच्या आधीच गेली. मी नेखतानला म्हटलं, "स्वतःच्या गाईसाठी वाजवा की घंटा." तर म्हणाला, "राखणदारानं स्वतःसाठी वाजवायची नसते." झालं. त्या दिवसापासून आमची लापशी पाण्यात शिजायला लागली.

ऑक्टोबरात एका सकाळी बेथोक आली. आमच्या वरच्या अंगाला राहणारी विधवा, पोटाशी तीन नातवंडं, धाकटी एते जेमतेम दीड वर्षाची. मुलगा आणि सून तापानं गेलेली. तिच्या काखेत जोडे होते.

"नेखतानदादा, माझी तांबडी गेली."

"कधी?"

"काल दुपारी. मी सरपणाला गेले होते. येते तर गोठा रिकामा." ती उंबऱ्यावर टेकली. "पोरांना कालपासून नुसतं पाणी पाजतेय. मेल्यांनी माझीच गाय बघितली. खोऱ्यात धडधाकट माणसांच्या गाई नव्हत्या का?"

"मेल्यांनी म्हणजे कुणी ते माग सांगेल," नेखतान म्हणाला आणि त्यानं जोडे घेतले.

शिदोरी उचलायला एक माणूस बरोबर नेता येतो, म्हणून मी गेले. बेथोकच्या गोठ्यामागं चिखल होता आणि खुरांचे ठसे त्यात स्पष्ट होते. सोबत तीन माणसांची पावलं होती. मला वाटलं होतं, माग खाली किल्ल्याकडे वळेल. तो वळला वर, डोंगराकडे. ओढ्यापाशी नेखतान थांबला. खाली बसला आणि कितीतरी वेळ उठेना. मी वाकून बघितलं. डाव्या पावलाच्या टाचेशी चौकोनी ठिगळाचा ठसा होता. ते ठिगळ मी स्वतः लावलं होतं, फिन्लेच्या जोड्याला, तो निघाला त्याच्या आदल्या दिवशी.

माझा नवरा जिवंत आहे हे मला असं कळलं. मी त्या ठशावर हात ठेवला आणि लगेच मागे वळून बघितलं, कारण खालच्या उताराशी इंग्रजांचं ठाणं होतं. घंटा वाजत डोंगरावर चढली असती, तर आवाजामागून यायला त्यांना वाटाड्याही लागला नसता.

"मामंजी, वाजवू नका," मी म्हटलं.

"जोडे घेतलेत मी."

"तुमचा मुलगा आहे तो!"

"दिसतंय मला. आंधळा नाही झालो अजून."

"मग मागे फिरा. माग तुटला म्हणून सांगा. पाण्यात तुटतोच की कधीकधी."

"तुटला नाहीये. आणि जोडे घेऊन मोकळ्या हातानं परत गेलो, तर का गेलो हे सगळं खोरं विचारेल. डोंगरापाशी येऊन नेखतान का फिरला, याचा अर्थ लावायला पंडित लागत नाही."

हे खरं होतं. आणि त्याच क्षणी ते माझ्या तोंडून निघालं. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मी म्हटलं, "मग किल्ल्यावर चला. तिथं वाजवा. त्यांनी शंभर गाई चोरल्यात, त्यात आणखी एक. कुणाला खोटं वाटणार?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. मग तो ओढ्याच्या काठानं खाली चालायला लागला. शंभर पावलं झाली तशी त्यानं घंटा वाजवली.

किल्ल्याच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा मागून वीसपंचवीस माणसं गोळा झाली होती. घंटा इंग्रजांच्या दाराशी जातेय म्हटल्यावर घरी कोण बसतं? त्यांचे शिपाई हसत होते. नेखताननं तीनदा घंटा वाजवली आणि किल्लेदाराचं नाव घेतलं. लोकांनी एवढा गलका केला की विचारू नका. कुणीतरी रडतसुद्धा होतं. कित्येक महिन्यांत त्या दारात कुणी ताठ मानेनं बोललं नव्हतं.

किल्लेदार कंटाळलेला माणूस होता. त्यानं दुभाष्याला काहीतरी सांगितलं. दुभाष्या म्हणाला, "म्हाताऱ्या, साहेब म्हणतात, एक गाय घे आणि हे भांडं वाजवायचं बंद कर. आत बांधल्यात, कुठलीही घे."

आत सोळासतरा गाई होत्या. तांबडी त्यांत नव्हतीच, ती असणार कुठून? नेखतान नुसता उभा राहिला. शेवटी मीच एका काळ्या गाईचं दावं सोडलं. तिच्या डाव्या कानावर पांढरा डाग होता आणि कास भरलेली होती.

बेथोकनं गाय बघितली. मग नेखतानकडे बघितलं. म्हणाली, "बदल्यात दिली का?"

"दिली," नेखतान म्हणाला. एवढंच. तिनं पुढे काही विचारलं नाही. लगेच बसून धार काढायला लागली आणि एते तिच्या खांद्याला लटकून ओरडत होती. मला वाटलं, यात कुणाचं काय वाईट झालं? पोरांना दूध मिळालं, फिन्ले वाचला, इंग्रजांचं नाक कापलं गेलं. सबंध आठवडा लोक नेखतानला वाटेत थांबवून त्याचा हात धरत. तो हात सोडवून घ्यायचा. घरात जेवायचा नाही. मी लापशी गरम करून देत होते तरी.

आठव्या दिवशी डुगल आला. खिंडीपलीकडच्या गावचा, पाच लेकरांचा बाप, उन्हात काम करून रापलेला. त्याच्या हातात जोडे होते.

"कीर्ती ऐकून आलोय बाबा," तो म्हणाला. "किल्ल्याच्या दारात घंटा वाजवलीत म्हणे! माझी पण नेलीय त्यांनी, बारा दिवस झाले. काळी आहे, डाव्या कानावर पांढरा डाग."

मी चुलीपाशी होते. नेखतान खूप वेळ त्या जोड्यांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता नाही म्हणेल, आजारी आहे म्हणेल. त्यानं हात पुढे केला आणि जोडे घेतले.

डुगल बाहेर गेला तशी मी नेखतानच्या पायाशी बसले. "किल्ल्यापर्यंत जा आणि तिथं नाव घ्या. यात तर खोटंही नाही! त्यांनीच चोरलीय."

"किल्ल्यापर्यंतचा माग त्यांचा," तो म्हणाला. "पुढचा माग माझ्या पावलांचा आहे, सूनबाई."

"आणि बेथोकची पोरं?"

"डुगललाही पोरं आहेत."

"लोक विचारतील का केलंत. फिन्लेचं नाव निघेल!"

"घंटा चोराचं नाव सांगते. कारण सांगत नाही. कारण मी कुणालाच सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस."

त्याच दिवशी तो खिंड ओलांडून गेला आणि दुसऱ्या दिवशी डुगलच्या गोठ्यापासून निघाला. तिथून किल्ल्यापर्यंत आला, किल्ल्याच्या दारावरून न थांबता पुढे गेला. मागून येणाऱ्या लोकांना कळेना. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. तो बेथोकच्या गोठ्याशी आला, तिथंही थांबला नाही, घंटा वाजवत खाली उतरला आणि आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. दारात मीच होते. तीनदा घंटा वाजली आणि त्यानं सांगितलं, "नेखतान, डोनाल्डचा मुलगा, घंटेचा राखणदार."

मग चर्चचा पाद्री म्हणाला, "अरे, पण का?"

नेखताननं घंटा पाद्र्याच्या हातात दिली, म्हणजे जमीनही गेली. डुगलची गाय परत मिळणार असली तरी दोन मालकांचा तो गुन्हेगार होता, म्हणून दोन वर्षांची चाकरी त्यानं स्वतःच्या तोंडानं मागून घेतली, पहिलं वर्ष बेथोककडे आणि दुसरं डुगलकडे. गर्दीतल्या ज्यांनी आठवड्यापूर्वी त्याचा हात धरला होता, त्यांतला एक जण थुंकला. मी दारात उभी होते आणि माझं तोंड उघडलं नाही. फिन्लेसाठी गप्प आहे असं स्वतःला सांगत होते, पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

बेथोकनं स्वतः काळी गाय सोडून आणली आणि दावं डुगलच्या हातात दिलं. त्या हिवाळ्यात बर्फ लवकर पडलं. मार्च लागायच्या आधी एते गेली. नेखताननंच तिच्यासाठी गोठलेली जमीन खणली, कारण तेव्हा तो बेथोकचा चाकर होता.

तो आणखी पाच वर्षं जगला. दुसऱ्यांच्या मेंढ्या राखल्या, दुसऱ्यांच्या गोठ्यात झोपला, आणि मरेपर्यंत कुणी त्याला कसली साक्ष विचारली नाही.

पुढे राजानं मोठी लढाई जिंकली, किल्ला पाडला आणि फिन्ले घरी आला. दाढीत पांढरे केस, अंगावर चांगला झगा. राजानं त्याला जमीन दिली होती, आमच्या जुन्या तुकड्याच्या चौपट. मला ऊर फुटेल इतका आनंद झाला, खोटं कशाला सांगू? जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"तांबडी गाय?" तो आठवायचा प्रयत्न करत होता. "मार्सली, त्या वर्षी आम्ही बऱ्याच खाल्ल्या. पोटात आग होती, तेव्हा कोण विचारतं कुणाची?" मग त्याला वाईट वाटलं असावं. म्हणाला, "मी पाद्र्याशी बोलतो. घंटा परत आणू. बाबांचं नाव धुऊन काढू."

त्याच्यावर चिडायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी उठले आणि वर बेथोककडे गेले. ती दारात लोकर पिंजत बसली होती, डोळ्यांनी आता फारसं दिसत नव्हतं. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं की तांबडीचा माग डोंगरात जात होता, तिथं माझा नवरा होता, किल्ल्यावर चला म्हणून मीच सांगितलं आणि काळीचं दावंही मीच सोडलं.

ती पिंजायची थांबली नाही.

"डोंगराकडचा माग मी सकाळीच बघितला होता," ती म्हणाली. "माझ्याच गोठ्यामागचा चिखल, मला दिसणार नाही का? आणि शिबंदीवाले गाय बदलून देतात हे कधी ऐकलंयस तू?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"धार काढत होते." तिनं लोकर खाली ठेवली. "तिघं होतो आपण त्यात, पोरी. नाव मात्र त्यानं एकट्याचं सांगितलं."

मी तिच्या शेजारी बसले. तिनं अर्धी लोकर माझ्या मांडीवर ठेवली आणि आम्ही दोघी पिंजत राहिलो.