जॉबरकाकांची सहा फुटी टाकी

जॉबरकाका बोलताना आवाज काढायचे नाहीत. ओठ हलायचे, भुवया उडायच्या, बोटं चालायची आणि समोरच्याला सगळं कळायचं. आमच्या भिवंडीच्या शेडमध्ये कापड विणणारे चोवीस लूम एकदम चालत. तिथे ओरडून उपयोग नसतो, हे त्यांनी मला मी शाळेत असतानाच शिकवलं होतं. "बोंबलू नको बाल्या, तोंड नीट हलव." तीस वर्षं त्या खडखडाटात काढून त्यांचे कान जवळजवळ गेलेच होते, पण त्याची त्यांना खंत नव्हती. लग्नाच्या पंगतीत या टोकाला बसून त्या टोकाच्या कामगाराशी ते वरणात मीठ कमी असल्याची चर्चा करत, कधी मराठीत, कधी हिंदीत, आणि मधल्या पन्नास माणसांना पत्ता लागत नसे.

लूम बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. काका दिघाशीचे, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे. लूम अडला की ते आधी पाना काढत नसत. त्याच्या अंगावर तळहात ठेवून उभे राहत, डोळे मिटून, देवळात उभं राहावं तसे. मग नेमका तोच नट पिळत. हे कसं कळतं, असं विचारलं की म्हणत, "हाताला कलतं. तुजा हात अजून कच्चा हाय." वडिलांसमोर मला असं बोलायची हिंमत दुसऱ्या कोणातच नव्हती.

वडील गेले आणि शेड माझ्याकडे आली. ते दिवस लोडशेडिंगचे. सूत महाग, कापडाला उठाव नाही, आजूबाजूचे लोक लूम भंगारात काढून जागा गोदामाला देत होते. मीही ठरवलं. काका गुडघे शेकायला वज्रेश्वरीच्या कुंडावर गेले होते, ते दोन दिवस मी मुद्दाम निवडले. त्यांच्यासमोर लूम उचलून न्यायची माझी छाती नव्हती, सरळ सांगायचं तर मी भ्यालो. ते परतले तेव्हा जमिनीतून नुसते बोल्ट वर आलेले होते. काकांनी एकदा सगळीकडे बघितलं, खिळ्याला टांगलेली पान्यांची पिशवी काढली आणि गेले.

त्या दिवसापासून मी 'बाल्या'चा 'शेट' झालो. रस्त्यात भेटले तर हात जोडत, पण नजर माझ्या शर्टाच्या बटनांवर. ओठांवरून ऐकणारा माणूस तोंडाकडे बघायचा थांबला की तुम्ही कितीही बोला, त्याच्यापर्यंत एक शब्द पोचत नाही. मला त्यांची माफी मागायची होती आणि मागायला वाटच उरली नव्हती. मला फार वाईट वाटायचं.

दोनेक वर्षांनी कळलं, काका राहनाळच्या बाजूला माशांच्या टाक्या बनवणाऱ्या एकाकडे फिटर म्हणून लागलेत. शेडच्या पुढच्या भागाचा मी तोवर हॉल केला होता. मी तडक जाऊन सहा फुटी टाकी सांगितली, हॉलच्या मधोमध ठेवायची, दोन्ही बाजूंनी दिसेल अशी. खरं म्हणजे मासे मला ताटातच आवडतात. पण टाकी बसवायला काका येणार होते.

आले. टेप लावली, जमिनीकडे बघत कामाचं तेवढं बोलले. त्या मोठ्या टाकीखाली, स्टँडच्या आत, आणखी एक टाकी असते, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी कोपऱ्यातल्या पाइपातून खाली येतं, स्पंज आणि दगडांतून गाळलं जातं आणि मोटर ते पुन्हा वर चढवते. सम्पवर काकांनी अर्ध्याच्या जरा वर लाल रेघ मारली. "हिच्यावर भरायचं न्हाय, शेट. लाईट गेली की वरचं पानी खाली येतं. त्याला उतरायला जागा नको?" हेसुद्धा ते सम्पलाच उद्देशून बोलले.

मग त्यांनी एक गंमत केली. अँगलचा स्टँड आणला आणि जमिनीत तसेच राहिलेल्या लूमच्या जुन्या बोल्टांवरच गच्च आवळून टाकला. लूम बांधला नाही तर हादऱ्याने जागचा सरकतो, तेव्हा तीस वर्षांचा हात दुसरं काय करणार? चौघांनी काच चढवली, पाइप लावला, दुपारभर पाणी भरत राहिलं. भरत आलं तेव्हा दिसलं, एका टोकाला पाणी दोन बोटं वर. इतक्या वर्षांच्या हादऱ्यांनी जमीनच एका अंगाला बसली होती आणि बोल्टांनी स्टँडही तिच्यासोबत तिरका धरला होता. काका मटकन खाली बसले. मला वाटलं, आता चिडतील. पण ते हसायला लागले, पोट धरून. "अरं, टाकी हाय ही. बांदली कशाला मी? पलून कुटं जातेय?" हसण्याच्या भरात ते माझ्याकडे बघणार असं वाटलं, पण नजर गळ्यापर्यंत येऊन थांबली.

पुन्हा सगळं पाणी उपसलं, बोल्ट सोडले, पायांखाली पट्ट्या सारल्या, पाणसळ लावली, काचेखाली थर्मोकोल घातला. पाणी सरळ उभं राहिलं. मासे मात्र त्यांनी सोडू दिले नाहीत. "आदी पानी जुनं होऊ दे. नव्या पान्यात मासं जगत न्हाय." म्हणून रोज दुपारी ते नुसतं पाणी बघायला येत. छपराच्या पत्र्यात बसवलेल्या काचेतून उजेड उतरायचा, पाण्यातून हॉलच्या भिंतीवर हलायचा आणि सगळी शेड तळ्याच्या तळाशी गेल्यासारखी वाटायची. काका स्टँडवर तळहात ठेवून, मोटरची बारीक थरथर घेत बसायचे. त्या रिकाम्या पाण्यासमोर मीही तासन् तास बसलोय. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, टाकीत माशांच्या किती पिढ्या झाल्या, पण मला अजून ते बिनमाशांचंच पाणी आठवतं.

त्यातल्याच एका दुपारी मी टाकीच्या पलीकडे काच पुसत होतो. अलीकडे काका बसलेले, डोळे पाण्यात. ते नुसतं पाणी बघताहेत असं समजून मी मनातलं ओठांवर येऊ दिलं. शेडमध्ये बोलायचो तसं, आवाज न काढता. काका, चुकलं माझं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.

काका उठले. टाकीला वळसा घालून माझ्यासमोर आले आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"पान्यातनं तोंड मोटं दिसतं," ते म्हणाले. "चांगलं ऐकू आलं."

मी फडकं स्टँडवर ठेवलं. त्यांनी ते उचललं, माझ्या हातून राहिलेला काचेचा कोपरा पुसला.

"विचारलं असतंस," ते म्हणाले, "तर मीबी लूम ईकून टाक, असंच बोललो असतो. पन विचारायचं."