आत्याने केलेला दात

माझी आत्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, तोंडात बघून बोलते. नव्या माणसाला वाटतं, आपल्या दातांत काहीतरी अडकलंय. तो बिचारा ओठ मिटून घेतो, जीभ फिरवून बघतो, आणि तोवर आत्या मनातल्या मनात त्याच्या दातांचा रंग ठरवून मोकळी झालेली असते. शेजारी नवे भाडेकरू आले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माणसं भली आहेत. पण त्याचे वरचे दोन दात त्याचे नाहीत, आणि ज्याने केलेत त्याला काम येत नाही."

दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची लॅब आहे. खालून डॉक्टर साचे पाठवतात आणि ती त्यावर पोर्सेलिनच्या कॅप घडवते. पांढरी पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशाने थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचं, घासायचं, पुन्हा भाजायचं आणि शेवटी वरून काचेसारखी चकाकी द्यायची. खाली बसलेले पेशंट कधी कधी जिना चढून येतात आणि सगळे एकच विचारतात, चहाने ही पिवळी पडेल का? आत्याचं उत्तर पाठ आहे. "घरची कपबशी पडते का पिवळी? चकाकी शाबूत असेल तर डाग वरच्या वर बसतो, पुसला की जातो. पिवळे पडतील ते शेजारचे दात. मग माझी कॅप उठून दिसेल, आणि तुम्ही येऊन मलाच शिव्या घालाल."

आयुष्यात तिच्या हातून रंग एकदाच चुकला, तो माझ्या बाबांच्या बाबतीत. बाबा तिचा धाकटा भाऊ. सायकलवरून तोंडावर आपटला आणि समोरचा वरचा दात अर्धा तुटला. डॉक्टरांनी नस काढली आणि कॅप करायचं काम आत्याकडे आलं. ती तेव्हा नवीन होती. तिने रंग जुळवला तो बाबा तासभर तोंड उघडं ठेवून बसल्यावर. दात वाळले की फिके दिसतात. थुंकी लागली की पुन्हा मूळ रंगावर येतात. हे तिला शिकवलं होतं, पण भावाची चेष्टा करण्याच्या नादात ती विसरली. कॅप बसली ती पांढरीफटक. मित्रांनी त्याचं नाव टॉर्च ठेवलं. आत्या रडकुंडीला येऊन म्हणाली, दुसरी करून देते. बाबा म्हणाला, "राहू दे ताई. म्हातारपणी तेवढा एक तरी तरुण राहील."

मी पहिलीत असताना तो बोटीवर नोकरीला गेला. आधी पत्रं यायची, मग थांबली. मी शाळेत असतानाच आई गेली. मला आत्याने वाढवलं, आणि आम्हा दोघींना आजीने. आजी दारावरची प्रत्येक थाप ऐकून मान वर करायची. मला त्याचा राग यायचा. नसलेल्या माणसाने घरातली इतकी जागा अडवावी, हे मला पटत नव्हतं.

आणि गेल्या वर्षी तो आला.

आजीने दार उघडलं. मी मागे होते. दारात दाढी वाढलेला, उन्हाने करपलेला माणूस उभा होता, हातात एक पिशवी. आजी त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आलास?" त्याने पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "आलो गं आई."

तो आवाज बाबाचा होता. मला काय आठवत असणार, असं तुम्ही म्हणाल. पण मी झोपावं म्हणून तो एक निरर्थक गाणं म्हणायचा, स्वतःच जुळवलेलं. त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता तो तेच गुणगुणला आणि मी नळ बंद करून ऐकत राहिले. त्याला सगळं ठाऊक होतं. जिन्याची कुठली पायरी वाजते, न्हाणीघराची कडी कशी उचलून लावायची, आत्याला लहानपणी कशावरून चिडवायचे. आत्याला तो "ताई, तू अजून तशीच खडूस" म्हणाला. मी हसले. आत्या हसली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मला कळलं तिला काय दिसतंय. त्याचे समोरचे सगळे दात एकाच रंगाचे होते. जुन्या चहाच्या डागासारखे, सारखे पिवळट.

मी स्वतःला समजावलं, इतकी वर्षं झाली, रंगला असेल. मला बाबा हवा होता. तिशी ओलांडल्यावरही हवा असतो, याची मला तेव्हाच पहिल्यांदा लाज न वाटता कबुली देता आली.

पण आठवडाभरात आजी बदलली. त्याने दिलेलं पाणी ती तोंडाला लावेना. दुपारी तो बाहेरच्या खोलीत झोपला की काठी टेकत जायची आणि त्याच्या उशाशी उभी राहायची. एकदा मी तिला दंडाला धरून परत आणू लागले, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, हा माझ्या पोराच्या आवाजात बोलतो." मी म्हटलं, "तोच आहे तो, आजी." ती म्हणाली, "मग याचा दात कुठे आहे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो झोपेत नव्हता. डोळे मिटलेले होते, पण ओठ त्याने घट्ट आवळून घेतले होते.

रविवारी आत्या त्याला लॅबमध्ये घेऊन गेली. "ये, तुझा दात साफ करून देते," एवढंच म्हणाली. मी सोबत गेले. त्याने एका शब्दाने विचारलं नाही, खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. आत्याने दिवा ओढला. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग पॉलिशचं रबर फिरवलं, पुसलं, पुन्हा फिरवलं. रंग हलला नाही. मग तिने खालून बर्फ आणला, कापसात गुंडाळला आणि त्या एका दातावर टेकवला.

तो कळवळला. "आई गं!" डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"झालं," आत्या म्हणाली. "चूळ भर."

तो खाली उतरल्यावर मी तिच्यावर धावूनच गेले. "चकाकी घासली गेली असेल! खरखरीत कॅपवर डाग बसतो, तूच सांगतेस!"

"बसतो. पण वर बसतो. हा आतून पिवळा आहे, बारीक भेगा आहेत त्यात, माणसाच्या दाताला वयाने पडतात तशा." तिने दिवा विझवला. "आणि माझ्या भावाच्या दाताची नस काढली होती. मेलेला दात. त्यावर कॅप असो नाहीतर नसो, त्याला थंड लागायला नको."

"शेजारच्या दाताला लागलं असेल."

 तिने माझ्या गालाला हात लावला. पोर्सेलिनच्या पुडीने हात नेहमीसारखा कोरडा झाला होता. मला रडू आलं ते रागाचं होतं, असं मी तेव्हा समजले.

घरी आलो तर आजी पलंगावर उठून बसली होती. ती दोन दिवस जेवली नव्हती. आजीच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की आता हृदयात काही राहिलेलं नाही, त्यांना जपा. तो दाराशी उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात.

"तू केला होतास ना गं तो दात?" आजीने आत्याला विचारलं. "तूच सांग. खोटं सांगू नकोस. पोर्सेलिन काळवंडतं का?"

 आत्याने उभ्या आयुष्यात पेशंटला बरं वाटावं म्हणून रंगाची अर्धी छटासुद्धा खोटी सांगितली नव्हती. तिने आजीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"काळवंडतं," ती म्हणाली. "खारी हवा, विडी, चहा. वीसेक वर्षांत कुठलीही कॅप काळवंडते, आई. तपासून आले मी आज. माझंच काम आहे ते."

आजीने मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की मला वाटलं संपलंच. मग ती आडवी झाली आणि म्हणाली, "मग मला थोडी पेज द्या. त्याच्या हातून."

पेज मी केली. आत्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. तो वाटी घ्यायला आला, पण त्याने ती घेतली नाही. इतके दिवस तिला ताई आणि तू म्हणणारा तो माणूस खाली मान घालून म्हणाला,

"तुम्ही ओळखणार, हे तो सांगायचा. बाकी सगळे फसतील, ताई नाही फसणार, म्हणायचा."

आवाज वेगळा होता. जाडसर, थकलेला, आम्ही कधी न ऐकलेला. तो आवाज आमच्याच स्वयंपाकघरात, आजीने पहिल्या दिवशी काढून दिलेल्या बाबाच्या शर्टातून येत होता.

"आम्ही एकाच केबिनमध्ये राहिलो, कितीतरी वर्षं. रोज घराबद्दल बोलायचा, पण पत्र लिहायला घेतलं की फाडायचा, इतक्या उशिरा काय लिहू म्हणायचा. रोज. नक्कल करून दाखवायचा सगळ्यांची, मग मी त्याची करायचो, तो हसायचा. मी निरोप सांगायला आलो होतो. दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, आलास. मला नाही म्हणवेना."

"काय झालं त्याला?" आत्याने विचारलं.

"ताप. बोटीवरच. शेवटी चेहरा इतका उतरला, की ओळखू येत नव्हता." त्याने मान वर केली. मग आत्याकडे पहिल्यांदा सरळ बघत म्हणाला, "दात मात्र तसाच होता. पांढराशुभ्र. तुम्ही आत खोटं बोललात ना, ते माझ्यामुळे."

आत्याने तोंडावर पदर धरला. मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता रडते ती, आजीला ऐकू जाऊ नये म्हणून. माझा बाबा मेला होता, आणि ते मला सांगणाऱ्याला माझं झोपेचं गाणं येत होतं. त्याला बाहेर हाकलावं की त्याच्या गळ्यात पडावं, मला ठरवता येईना.

आतून आजीची हाक आली. "बाळा, आणतोस ना रे?"

त्याने आमच्याकडे पाहिलं. वाट बघत होता तो, आम्ही काय म्हणतो त्याची. मग आत्याने पेजेची वाटी उचलून त्याच्या हातात दिली.

"आलो गं आई," तो बाबाच्या आवाजात म्हणाला आणि आत गेला.