सहा बायांतून तिघी

सिंदेवाहीजवळच्या एका लहानशा कॉलेजात मी गणित शिकवते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला द्विपद सहगुणक असतात, म्हणजे इतक्यांतून इतके निवडायचे किती मार्ग, ते सांगणाऱ्या संख्या. त्या संख्यांमधली नाती सिद्ध करायची माझी पद्धत ठरलेली होती. इंडक्शन लावायचं, दोन ओळींची आकडेमोड करायची, खाली 'म्हणून सिद्ध झाले' लिहायचं. मी विद्यार्थिनी असताना हेच पाठ केलं होतं, आता वर्गाकडून पाठ करून घेत होते.

त्या वर्षी वर्गात तलावाकाठच्या गावातली एक मुलगी होती. तिचे वडील जाळं टाकत, आई रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाच्या लावणीला, लोकांच्या बांध्यांत मजुरीला जायची. पोरगी अबोल. शंका विचारायची तीसुद्धा तास संपल्यावर, दाराशी उभी राहून.

चाचणीत मी एक प्रश्न दिला होता. दोनांतून दोन, तिनांतून दोन, चारांतून दोन, पाचांतून दोन निवडायचे मार्ग मोजले तर एक, तीन, सहा आणि दहा येतात. बेरीज वीस. सहांतून तीन निवडायचे मार्गही वीसच. संख्या कितीही मोठ्या घेतल्या तरी हे असंच जुळतं, ते सिद्ध करा.

तिच्या पेपरात एकही सूत्र नव्हतं. तिनं लिहिलं होतं, बांधीत सहा बाया एका ओळीत धान रोवून राह्यल्या. त्यातल्या तिघींले दुसऱ्या बांधीत धाडायचं. धाडलेल्या तिघींत ओळीतली शेवटची कोण, ते पाहा. ती तिसरी असली, तर तिच्या आधीच्या दोघींतून दोघी गेल्या. चौथी असली, तर तिघींतून दोघी. पाचवी असली, तर चौघींतून. सहावी असली, तर पाच जणींतून. शेवटची कोणीतरी असतेच, आन् एकच असते. म्हणून सगळी बेरीज म्हणजे सहांतून तीन. बाया कितीही घ्या.

त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. शेवटची नाई, मधली पाहिली तरी जमते. तिच्या आधीच्यांतून एक, नंतरच्यांतून एक. चार, सहा, सहा, चार. तेही वीस. जास्त बाया धाडल्या तर कितवीही पाहता येते.

मी शून्य दिलं. एवढ्यावर थांबले असते तर चूक म्हणून सोडता आलं असतं. पण पेपर वाटताना मी तो वर्गात मोठ्यानं वाचला, 'रोवून राह्यल्या' आणि 'धाडायचं' यांवर जोर देत. पोरं हसली. माझ्या घरी माझी आई अशीच बोलते, मीही तिच्याशी अशीच बोलते.

"ही गोष्ट झाली," मी म्हटलं. "गणित कुठे आहे यात?"

ती उभी राहिली. "मॅडम, चुकलं कुठी, तेवढं सांगा ना."

मी पेपरकडे पाहिलं. चूक सापडेना. खरं सांगायचं तर मी ते उत्तर समजून घेत वाचलंच नव्हतं, आणि आता चाळीस पोरांसमोर तसं वाचायची हिंमत नव्हती.

"बस खाली," मी म्हटलं.

वर्ष संपल्यावर तिनं कॉलेज सोडलं. मी कारण विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात चंद्रपूरला गणिताच्या शिक्षकांची कार्यशाळा होती. बाहेरून आलेले एक वयस्कर प्राध्यापक फळ्यावर तेच नातं लिहून म्हणाले, "याची सगळ्यात सुंदर सिद्धता सूत्राशिवायची आहे." त्यांनी एका ओळीत माणसं उभी केली आणि निवडलेल्यांतला शेवटचा कोण, असं विचारलं. पुढे काय येणार, ते मला शब्दाशब्दानं ठाऊक होतं.

सिद्धता झाल्यावर ते म्हणाले, "याहून व्यापक काही सुचतं का कुणाला?"

माझा हात वर गेला. तो कसा गेला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कुणी ढकललं नव्हतं. मी उठले, फळ्यापाशी गेले आणि शेवटच्या माणसाऐवजी मधलं कितवंही माणूस धरून सगळं मांडलं. सहांऐवजी कितीही माणसं, तिघांऐवजी कितीही निवडलेली. टाळ्या पडल्या.

"कसं सुचलं हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"वर्गात शिकवता शिकवता," मी म्हटलं.

कार्यशाळेच्या पुस्तिकेत ते माझ्या नावानं छापून आलं. प्राचार्यांनी त्या पानाची झेरॉक्स सूचना फलकावर लावली. येताजाता ती दिसायची. मी ती काढली नाही, काढा असंही म्हटलं नाही. पावसाळ्यात रोवणा लागेपर्यंत ती तिथेच होती.

मग एका सकाळी मी स्कूटी काढून तिच्या गावाला गेले. ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर होती. गावातल्या मच्छीमारांनी मत्स्यबीज आणलं होतं, आणि ती एका कपातली पिल्लं मोजून, मग कपानं मापून तलावात सोडत होती. मला पाहून तिनं हात ओढणीला पुसले.

"मॅडम, तुमी इथी काऊन?"

मी सगळं सांगितलं. शून्य, कार्यशाळा, टाळ्या, पुस्तिका. काहीच झाकलं नाही. तिनं ओरडावं, निदान तोंड फिरवावं, असं मला वाटत होतं.

"म्हणजे ते बरोबर होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मधलीवालं बी?"

"तेही."

"मले वाटलं, मले समजतच नाई गणित. लई दिवस शोधलं मी, कुठी चुकलं म्हणून. मग सोडून देल्लं."

मला तिच्याकडे बघवेना. तिचं उत्तर मी चोरलं होतं, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. त्याच्या आधीच मी तिचा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला होता, आणि ते माझ्या गावीही नव्हतं.

परत प्रवेश घे, मी सगळी मदत करते, असं मी म्हटलं. "पाहतो," ती म्हणाली, आणि कप पुन्हा भरायला लागली. अजून ती आलेली नाही.

प्राध्यापकांना मी पत्र लिहिलं. पुढच्या वेळी छापताना तिचं नाव घालू, असं त्यांनी कळवलं. प्राचार्यांना सांगितलं. "आता कशाला उकरता?" म्हणून ते वैतागले, पण फलकावरचा कागद निघाला. तिच्या वर्गातली मुलं आता शेवटच्या वर्षाला होती. त्यांच्यासमोर उभं राहून, मी कुणाच्या उत्तराला हसले होते आणि ते का बरोबर होतं, हे फळ्यावर मांडून सांगितलं.

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, माह्या पेपरातबी तुमी एक उत्तर न वाचता काटलं होतं. ते पाहाल का?"

त्या साली परत गोळा केलेल्या पेपरांचे गठ्ठे केव्हाच रद्दीत गेले होते. मी तिला तसं सांगितलं, आणि मग खडू पुढे करून म्हटलं, आठवत असेल तर इथे लिही. तिला अर्धंच आठवलं.